पाटाची मागची बाजू

दुपारी तीनला खिडकीतून तिरपं ऊन येतं, ओट्यावरची पितळी वाटी एकदम देखणी दिसते आणि फोटो काढायचा मोह होतो. काढला की वाटीपेक्षा ओटाच जास्त दिसतो. घासूनपुसून गुळगुळीत झालेल्या कडप्प्यात खिडकीचे गज उतरतात, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादरसुद्धा. खिडकी वाटीच्या मागे असेल तर हे हमखास होणार. उजेड बाजूने घ्यावा. लेन्सपुढे लावायची चकाकी कापणारी काच, म्हणजे पोलरायझर, फिरवला की दगडाची चमक बरीच मरते, वाटीची मात्र नाही. धातूपुढे त्याचं फारसं चालत नाही.

त्यापेक्षा फरशीवाल्याकडून कापून उरलेला दोन फुटी शहाबादीचा तुकडा आणावा, पॉलिश न केलेला. करड्या दगडावर भाकरी आणि लसणाची चटणी काय खुलते! तेल सांडलं तर डाग पडतो. पडू दे, पुढच्या वेळी शोभेल.

सनमायकाचं लाकूड कॅमेऱ्याला फसवू शकत नाही. शिवाय त्याच्या रेषा जाड असल्या तर मोदक सुपारीएवढा वाटतो. खरं लाकूड हवं तर जुना पाट उलटा करावा. खालच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या, रंग न लागलेल्या जागेत एक वाटी आणि चार करवंदं मावतात. आणखी लागतं काय?

कापडाचं वेगळंच. इस्त्रीच्या घडीची रेघ फोटोत भिंतीसारखी उभी राहते. पाणी शिंपडून ताणावं, नाहीतर सरळ चुरगळावं. लाल साडीवर दही ठेवलं तर दही गुलाबी होतं. पांढऱ्यावर कॅमेरा बिचकून सगळं मळकट करतो, तिथे एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवायचं, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्यायचा.

मागचा पडदा वस्तूपासून दोन फूट तरी लांब असावा, म्हणजे त्यावर सावली पडत नाही. टेबल आणि भिंतीची सांधरेषा तांब्याच्या गळ्यातून जाऊ देऊ नये. कार्डशीट दुमड न पाडता भिंतीवरून टेबलावर गोलाईत सोडली की रेषाच उरत नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा जमिनीपर्यंत पोचायचा नाही, त्यामुळे ताजमहाल थेट सतरंजीवर टेकलेला असायचा. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

ऊन फार कडक असेल तर खिडकीला मलमलचं जुनं धोतर बांधावं. ते सापडेपर्यंत साडेचार होतात, ऊन समोरच्या इमारतीवर गेलेलं असतं आणि करवंदं कुणीतरी खाल्लेली असतात.