तुम्ही विचारलंत म्हणून: शेती नेमकी का सुरू झाली?

व्याख्यान संपलं की कुणीतरी उठतंच. "बर्फ वितळलं, हवा उबदार झाली, माणूस शेती करू लागला. इतकं सरळ असताना तुम्ही 'सांगता येत नाही' असं का म्हणता?"

सरळ असतं तर सांगितलं नसतं का? इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठी, ओहालो इथे, २३,००० वर्षांपूर्वी ऐन हिमयुगात माणसं रानटी सातू गोळा करून दगडावर दळत होती. शेती आली ती त्यानंतर दहा हजारांहून जास्त वर्षांनी. जपानमध्ये मडकी आली तीही शेतीच्या हजारो वर्षं आधी. "मग त्यांना सुचलं नसेल" असं कुणी म्हटलं की माझा आवाज चढतो.

तो चढण्यामागचं कारण मात्र मी आजवर टाळत आलोय.

शिकाऊ असताना एका उत्खननात चाळणीचं काम माझ्याकडे होतं. खालच्या थरात मोठी दगडी हत्यारं, वरच्या थरात खापरं. मधला थर हातभर जाडीचा आणि, माझ्या मते, रिकामा. मी मोठ्या भोकांची चाळणी घेतली आणि घमेल्यामागून घमेलं ढिगावर ओतत राहिलो. चौथ्या रात्री पावसाची सर आली. सकाळी ढीग धुऊन निघाला होता आणि त्यात काहीतरी चमकत होतं. आमच्या बाई उकिडव्या बसल्या, नखाएवढी दगडी चंद्रकोर उचलली. सूक्ष्मास्त्र! लाकडाच्या खाचेत राळेनं ओळीनं बसवत, तसलं.

"किती खोलीवरचं?"

मला सांगता येईना, आणि खोली कळल्याशिवाय तुकडा कुठल्या काळातला ते ठरवणं कठीण. तीन दिवस तो ढीग बारीक चाळणीतून काढला. दोनशेच्या वर तुकडे निघाले, सगळे एकाच पिशवीत गेले. बाई रागावल्या नाहीत. पिशवीवर 'खोली अज्ञात' एवढं मलाच लिहायला लावलं.

मोठ्या भोकांची चाळणी तेव्हा सगळेच वापरायचे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं नाही ते. पण बारीक चाळणी तंबूत पडून होती, हेही खोटं नाही.

तुम्ही विचारता तो, शिकार आणि शेती यांच्या मधला काळ बऱ्याच ठिकाणी अशाच तुकड्यांत उरलाय. आणि याच मी पुढे एका निबंधात ठणकावून लिहिलं होतं की हवामानानं माणसाला शेतीकडे ढकललं. आज पटत नाही. रानटी गव्हाचे दाणे पिकले की गळून पडतात. न गळणारं वाण शेतात रुळायलाच हजाराहून जास्त वर्षं गेली. त्यात 'आजपासून शेती' असं ठरवणारं कोण होतं?

पण तो निबंध लिहिणारा पोरगाही गप्प बसत नाही. म्हणतो, मग पश्चिम आशिया, चीन, मेक्सिको, न्यू गिनी, एकमेकांशी संबंध नसलेल्या या ठिकाणी शेती उगवली ती ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरल्यावरच कशी? त्याआधी लाखभर वर्षांत एकदाही का नाही?

परवा विचारणाऱ्या गृहस्थांना हे सगळं सांगायचं होतं. पण तोवर सभागृहातले दिवे मालवायला लागले होते.