शून्य नंबरची जागा

जपानमधले मुलींचे पॉप ग्रुप जिथे नाचतात त्या स्टेजच्या पुढच्या कडेला लहान लहान आकडे लावलेले असतात. मधोमध ०, मग दोन्ही अंगांना १, २, ३ असे चढत गेलेले. खाली बसलेल्यांचं त्यांच्याकडे लक्षही जात नाही, पण नाचणाऱ्या मुलींचं त्यांच्यावाचून पाऊल पडत नाही. ‘दुसऱ्या कडव्याला डाव्या ३ वर, मागच्या रांगेत’ अशी तालमीतली भाषा. त्या ३ वर आज कोण, उद्या कोण, याचं आकड्याला सोयरसुतक नसतं. मॉर्निंग मुसुमे हा ग्रुप १९९७ पासून चालू आहे आणि त्यातली पहिली एकही मुलगी आज त्यात नाही, याचं अर्धं उत्तर त्या आकड्यांत आहे.

मुसुमे म्हणजे मुलगी, लेक. ‘मॉर्निंग’ मात्र थेट कॉफीच्या दुकानातून आलेलं. तिथे सकाळच्या वेळी कॉफीच्या पैशांत टोस्ट आणि उकडलेलं अंडंही मिळतं. त्याला मॉर्निंग सेट म्हणतात. एकाच दामात बरंच काही पदरात पडल्याचं जे सुख असतं, ते नावात यावं असं निर्माता त्सुंकूला वाटलं. आपल्याकडे एखाद्या गायिकांच्या चमूला कुणी ‘राइस प्लेट’ म्हणायला धजावलं नसतं, पण हिशेब तोच.

सुरुवात झाली ती हरलेल्यांपासून. एका टीव्ही कार्यक्रमात रॉक गायिकेचा शोध होता, ती स्पर्धा दुसरीच कुणी जिंकली. मागे राहिलेल्या पाच जणींना अट घातली गेली: एका गाण्याच्या पन्नास हजार सीडी पाच दिवसांत हातोहात विकून दाखवा, मगच पुढचं बोलू. ओसाका, फुकुओका, सापोरो करत चौथ्या दिवशी नागोयात आकडा पुरा झाला. नागोया म्हणजे मॉर्निंग सेटचं माहेरच, हा योगायोग छान जमला. पाचांतली सगळ्यांत मोठी नाकाझावा युको २४ वर्षांची, सगळ्यांत धाकटी फुकुदा आसुका १२ वर्षांची. बरोबर दुप्पट.

त्या धाकटीनेच पुढचं सगळं ठरवलं म्हणायचं. एप्रिल १९९९ मध्ये, ग्रुप ऐन रंगात येत असताना, शाळेकडे वळायचं म्हणून ती बाहेर पडली. याला तिकडे ‘सोत्सुग्यो’ म्हणतात, म्हणजे शाळा पुरी करून बाहेर पडणं. शब्द त्यांचा नव्हे. ऐंशीच्या दशकातल्या ओन्यांको क्लब या ग्रुपमध्येही मुली अशाच ‘उत्तीर्ण’ होत. पण मॉर्निंग मुसुमेने त्यातून कायमची व्यवस्था उभी केली. त्याच उन्हाळ्यात दोन मुली घ्यायच्या म्हणून निवड झाली आणि घेतली एकच: तेरा वर्षांची, केस सोनेरी केलेली गोतो माकी. तिला थेट मध्यावर उभं केलं आणि सप्टेंबरात ‘लव्ह मशीन’ आलं. प्रती खपल्या सोळा लाखांवर. कुणी गेल्याने ग्रुप खचत नाही, जागा नीट भरली तर उलट फुगतो, हे एवढ्या ढळढळीतपणे दिसल्यावर मग थांबतंय कोण? २००१ मध्ये तेरा जणी, २००३ मध्ये पंधरा.

जागा भरणं मात्र बोलण्याइतकं सोपं नाही. प्रत्येक गाण्याचा एक वाटणीचा कागद असतो, ‘उतावारी’: कोणती ओळ कुणाची. एक जण गेली की तिच्या ओळी वाटायच्या. आवाज कुणाचा जुळतो ही झाली वरवरची चौकशी. खरा प्रश्न असतो पायांचा. त्या मात्रेला पुढे कोण पोचलेली आहे? ओळ मिळालेली मुलगी त्या क्षणी मागच्या रांगेत गिरकी घेत असेल तर तिची वाट बदलावी लागते, तिची बदलली की शेजारणीची, आणि एका ओळीपायी चार जणींचं नाच शिकणं नव्याने सुरू होतं. साथ ध्वनिमुद्रित असते, त्यामुळे पट्टी ऐनवेळी खाली घेता येत नाही. गेलेलीचा आवाज चढा होता आणि आलेलीचा ढाला आहे, तर ओळ तिसरीकडे जाते. नव्या मुलींची ठरलेली चूक म्हणजे रेकॉर्ड ऐकून ऐकून हुबेहूब उचलायचं. ओळ पाठ होते, पण आदल्या ओळीचं शेवटचं अक्षर किती ओढलंय आणि आपण श्वास कुठे चोरायचा, हे कानांना कळत नाही. मग उचल अर्धी मात्रा उशिरा पडते.

यासाठी त्सुंकूचा हट्ट होता सोळाच्या लयीचा. पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं, दर ठोक्याला गुडघे खाली सोडायचे, आणि मनात त्या एका ठोक्याचे चार तुकडे, म्हणजे चार ठोक्यांचे सोळा, मोजत राहायचे. आपल्याकडचा तबलजी याला हसेल, त्याची बोटं ‘तिरकिट’वरच वाढलेली असतात. पण चार चौकोनी ठोक्यांवर गाणाऱ्या मुलीला तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यामधली फट दिसायला लागली, की साधी ओळही झुलते. ग्रुपची जुनी गाणी सलग ऐकावीत. बोल नाही समजले तरी हे झुलणं समजतं.

आता गफलतीची गोष्ट. २००७ पासून जवळपास अडीच वर्षं नऊ जणी बदलल्या नाहीत. ताकाहाशी आइ हिच्या नेतृत्वाखालचा हा काळ रसिकांना ‘प्लॅटिनम’ म्हणून प्यारा आहे, आणि रास्तच; रंगमंचावरची एवढी सफाई ना आधी होती ना नंतर. सीडींचा खप मात्र तोवर लाखांवरून हजारांत आलेला, आणि नवी भरती बंद. पेरणीचे दोन-तीन हंगाम चुकले की काय होतं ते पुढे दिसलं. २०११ मध्ये घाईने दोनदा चार-चार मुली घेतल्या, तोवर जाणत्या एकेक करून निघाल्या. २०१३ च्या मे महिन्यात तनाका रेना गेली, तेव्हा २००३ साली आलेली मिचिशिगे सायुमी आणि २०११-१२ मध्ये आलेल्या नऊ पोरी एवढंच उरलं. मधली फळीच नाही. कच्च्या गळ्यांवर एकेकटीच्या ओळी टाकता येत नव्हत्या, म्हणून तनाका जाण्याआधीपासूनच गाणी अशी रचली जात होती की डोळ्यांत नाचाचे आकार भरावेत: सगळ्या जणींची रेघ, तिचा बाण, बाणाचा पंखा. गरजेपोटी आलेली ही युक्ती एवढी चालली की २०१३ च्या आरंभीचं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं.

मिचिशिगे गळ्याच्या जोरावर टिकलेली नव्हे, हे ती स्वतःच टीव्हीवर सांगत फिरायची. २६ नोव्हेंबर २०१४ ला योकोहामा अरीनात तिचा निरोप झाला. प्रत्येकीचा एक रंग ठरलेला असतो, हिचा गुलाबी. सभागृहभर हातातले दिवे एकाच रंगाचे. मधल्या मेडलीत, म्हणजे एकात एक गुंफलेल्या गाण्यांत, तिच्या पायात गोळे आले. हलता येईना, तशी ती उभ्या जागी गात राहिली आणि बाकीच्यांनी नाच सावरून घेतला. एक माणूस जागचं हललं नाही तरी दहा जणींचा आकार मोडू द्यायचा नाही, हे त्या नऊ पोरींना तोवर पक्कं येत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती ग्रुपमध्ये नव्हती.

त्याच वर्षापासून नावाला सालही जोडलं जातं: मॉर्निंग मुसुमे ’१४, म्हणायचं ‘वन-फोर’. साल पालटलं की नाव पालटतं, आणि टॉवेल, टी-शर्ट, पोस्टर सगळं नव्याने छापावं लागतं. विकणाऱ्यांची चंगळच. सप्टेंबरातच चार नव्या मुली निवडून ठेवलेल्या होत्या. नऊ आणि चार, ’१५ चं पहिलं गाणं तेरा जणींचं. वाटणीचा कागद पुन्हा कोरा, आणि गुलाबी रंग असलेली मुलगी जिथे थांबायची तिथे कडेवरचा तो आकडा तसाच चिकटलेला.