हसा ना तुम्ही

"हसा ना पप्पा तुम्ही, मी कुठं नाही म्हणतेय."

थोरली एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाचं मला काही वाटत नाही, आमच्या घरात कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन दिवस अबोला धरतात. पण हे सांभाळून घेणं होतं. म्हाताऱ्याच्या पानात दुसरी जिलेबी टाकताना "खाऊ द्या हो, एकानं काय होतंय" म्हणतात, तसलं.

विषय काय, तर पिक्चर. महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. सोळा भाज्या, आंबील आणि वर पुरणपोळी गेली की माणूस बसूच शकत नाही, तसे सगळे हॉलमध्ये आडवे. धाकट्यानं 'अशी ही बनवाबनवी' लावला. 1988 चा पिक्चर, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. त्यानं तो सलग कधी बघितलेला नाही, पण मोबाइलवर येणाऱ्या मीम्समुळं निम्मा पाठ आहे. दाजींना पूर्ण पाठ आहे. ते प्रत्येक वाक्य पडद्याच्या जराशा आधी म्हणतात, त्यामुळं त्यांच्यासोबत तो पिक्चर बघणं म्हणजे दोनदा ऐकणं. घरमालक सरपोतदार झालेले सुधीर जोशी सत्तर रुपयांचा हिशेब मागायला लागले की दाजी लोडावरून उठूनच बसतात.

आणि मग तो प्रसंग आला. घर फक्त जोडप्यांनाच मिळणार, म्हणून अशोकमामा लक्ष्याला साडीत उभं करून बायको म्हणून ओळख करून देतात तो. मी हसलो. तोंडात सुपारी होती, ठसका लागेपर्यंत हसलो. थोरली माझ्याकडं बघत होती. पडद्याकडं नाही, माझ्याकडं.

म्हणाली, "एक बाई राहते त्या घरात चार पुरुष खोटं सांगून घुसतात. त्यातले दोघं बाया बनून. माझ्या रूमवर असं कोणी घुसलं तर?"

दाजी म्हणाले, "अगं, पिक्चर आहे तो." धाकटा म्हणाला, "कॉमेडीत लॉजिक काय बघायलीस ताई." आमच्या घरातून उत्तर आलं, "मला त्यातलं डोहाळजेवणाचं गाणं आवडतं," म्हणजे ती कुणाच्याच बाजूनं नाही, नेहमीसारखी. आक्का भिंतीला टेकून वाती वळत होती. ती हळूच म्हणाली, "त्या घरमालकीण लीलाबाईला पण घरात कुणीतरी पाहिजेच होतं की." त्यावर कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा. आक्काच्या वरच्या दोन खोल्या केव्हापासून रिकाम्या आहेत.

आणि मग थोरलीचं ते वाक्य.

थोरली रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेली. दाजी, आक्का सकाळी गेले. घर रिकामं झालं आणि मी तिच्याशी मनातल्या मनात वाद घालत बसलो. दाजींचा मुद्दा मांडून बघितला, की मुळात ही गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. हृषीदांचा पिक्चर आणि वाह्यात, असं कोण म्हणेल? पुढं तेलुगूत पण निघाला. देगलूरचे आमचे साडू म्हणतात, तेलुगूतलाच भारी. पण थोरली म्हणेल, मग काय झालं, तीन भाषांत हसले म्हणून? तिचं खरंच आहे. माझ्याच मनातल्या वादात मी हरायलो.

मग मी पैठणला गेलो. म्हणजे मनानं. नाथांची भारुडं. लहानपणी गावात सप्त्याला सोंगी भारूड व्हायचं, मिश्या काढलेला बाप्या नऊवारी नेसून यायचा आणि सगळ्या गावाला हसवून शेवटी दोन शब्द परमार्थाचे सांगून जायचा. पारावर गडी माणसं, ओट्यांवर बाया. बाया हसायच्या. मला आठवतंय, पदर तोंडाला लावून हसायच्या. पण पदराआड कोण हसत होतं आणि कोण नाही हे मला कुठून दिसणार?

मी स्वतः दरवर्षी महालक्ष्म्यांना साड्या नेसवतो. घरातल्या बायका स्वयंपाकात अडकलेल्या असतात म्हणून कधीतरी सुरू झालं, आता ते कामच माझ्याकडं आलंय. लोखंडी स्टँडवर निऱ्या धरायच्या म्हणजे सोपं नाही. काठ सरळ यावा लागतो, निऱ्या एका मापाच्या, मधे पिना, वर कमरपट्टा आणि पदर असा सोडायचा की मुखवटा बसवताना ओढला जाऊ नये. ज्येष्ठेचं नेसवून झालं की हात बसतो, कनिष्ठेचं भराभर होतं. यंदा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, इतकं चापूनचोपून आमच्याच्यानं होत नाही. तेव्हा लक्ष्याची साडी कोणी नेसवली असेल, हा विचार माझ्या डोक्यात येतो, थोरलीच्या येत नाही. हे आपलं उगाच.

खरं म्हणजे मला लागलंय ते वेगळंच. तिला पिक्चर आवडला नाही याचं मला काहीच नाही. तिनं मला परवानगी दिली, ते डाचतंय. घरात हसण्याच्या जागा तरी किती राहिल्यात? बातम्या लावाव्यात तर सगळे ओरडतात. सोयाबीनचा भाव बघून हसू येतं, पण ते वेगळ्या कारणानं. गुडघा, साखर, बीपीची गोळी. राहून राहून एक लक्ष्या होता. तोही 2004 सालीच गेला, त्याच वर्षी त्यातला शंतनू, सिद्धार्थ रेसुद्धा. जी माणसं राहिली नाहीत त्यांना बघून हसतोय, त्यालाही आता मंजुरी लागणार?

तिला मी पुण्याचं कधी सांगितलंच नाही. नवी नोकरी, परभणीहून एसटीनं गेलेलो, एक वळकटी आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. ज्या घराची पायरी चढावी तिथं पहिला प्रश्न, लग्न झालंय का? नाही म्हटलं की दार अर्धं लागायचं. फॅमिलीलाच देतो. एकानं गाव विचारलं. परभणी म्हटल्यावर म्हणाला, पाणी जपून वापरावं लागेल. परभणीच्या माणसाला! आम्ही आंघोळीचं पाणी झाडांना घालून मोठे झालेली माणसं. शेवटी एका वाड्यात जिन्याखालची खोली मिळाली, त्यात आम्ही चौघं. एकजण लातूरचा, एक जिंतूरचा, एक कोकणातला, तो भात मागायचा म्हणून सारखा चेष्टेचा विषय. तेव्हाच हा पिक्चर लागला होता. चौघं मिळून गेलो. थिएटरात सरपोतदार भाडेकरूवर खेकसायला लागले आणि आमची अख्खी रांग शिट्ट्या मारायला लागली. साड्यांवर नंतर हसलो असू. आधी हसलो ते खोलीवर. माझं हसू त्या जिन्याखालचं आहे, ते मला त्या दिवशी सुपारीमुळं सांगता आलं नाही.

आता गंमत अशी, की थोरली पण आज तिथंच आहे. सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर, एमपीएससीच्या अभ्यासाला. एका खोलीत चौघी. रात्री साडेनऊनंतर गेट बंद. खोली बघताना तिलाही पहिला प्रश्न तोच आला होता, फक्त उलटा, एकटीच का? कोणी भेटायला येणार का? म्हणजे भाडेकरू आम्ही दोघंही. मग पिक्चर बघताना ती लीलाबाईच्या बाजूला कशी काय जाऊन बसली? काल रात्रभर मला हे कळेना. पहाटे कळलं असं वाटलं. मला रात्री खोलीची कडी लावायची कधी आठवण पण व्हायची नाही. तिनं पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या पैशानं जास्तीची कडी बसवून घेतली होती. फोनवर सांगितलं होतं तिनं, मी "बरं केलंस" म्हणून पुढं सोयाबीनवर गेलो होतो.

असो.

आज दुपारी एकट्यानं परत लावला. मोबाइलवर, आवाज बारीक करून, चोरी करतोय असा. खरं हसू येतंय की सवयीचं, बघावं म्हटलं. सरपोतदारांना हसलो, त्यात शंका नाही. लीलाबाई झालेल्या नयनताराबाई जिथं संशयानं बघतात तिथं हसलो. लक्ष्याच्या चालण्यावर नाही हसलो, किंवा मुद्दाम दाबलं असेल, सांगता येत नाही, कोणीतरी बघतंय असं वाटत होतं. पण कॅमेरा अशोकमामांच्या चेहऱ्यावर आला आणि संपलं. तो माणूस साडीला हसतच नसतो. त्याला दरदरून घाम फुटलेला असतो, आता पकडले जाणार, आता सामान रस्त्यावर. हसू त्या घामाचं आहे. हे थोरलीला पटेल का? पटणार नाही. ती म्हणेल, घाम फुटायलाच पाहिजे. आणि मग आम्ही दोघं हसू, असंही होऊ शकतं. नाही पण झालं तरी ती येते आहेच दिवाळीला.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. तिच्या सुनेचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात, झोपाळा आणि स्पीकरचं काम माझ्याकडं. गाणी कुठली लावू विचारलं तर म्हणे, ते नेहमीचं, बनवाबनवीतलं. अख्ख्या महाराष्ट्रात खऱ्याखुऱ्या गर्भारणींना झोपाळ्यावर बसवून बाया जे गाणं लावतात ते पिक्चरमध्ये पोटाला काहीतरी बांधलेल्या लक्ष्यावर आहे, आणि आजपर्यंत एकाही बाईनं त्याला हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. थोरली येणार आहे त्या दिवशी. तिला न विचारता लावणार आहे. आवाज मोठा ठेवणार आहे. फक्त दाजींचा स्पीकर नको, त्याची एक बाजू गेलीय आणि दाजी मधे मधे स्वतःच गायला लागतात.