अण्णांच्या वाटेनं किर्लोस्करवाडीला

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला. त्यामुळे रेल्वेनं कुठं जायचं म्हटलं की आधी रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच. एसटीनं कराड आणि तिथून पलूस असं सरळ जाता येतं, पण ज्यांच्या हाताखाली मी काम केलं ते अण्णा या बाजूला कायम रेल्वेनंच जायचे, म्हणून मीही पुणे-मिरज लाईनच धरली. अण्णांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घालण्यापेक्षा त्यांच्या आवडत्या गावाला जाऊन यावं असं वाटलं. शिवाय पुढं सांगलीजवळ कुपवाडला काम होतंच.

अण्णांचा धंदा नोकरभरतीचा. फिटर, टर्नर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर अशी माणसं कारखान्यांना मिळवून द्यायची. पैसे कंपनीनं द्यायचे, पोरांकडून एक रुपया घ्यायचा नाही. पहिल्या पगारातला हिस्सा कापून घेणारे एजंट आजूबाजूला चिक्कार होते, आणि त्यांच्या गाड्या अण्णांच्या स्कूटरपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. मी तिथं बायोडाटा टाईप करायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. "पोरी, पोरगं मागनं बघू. आधी कारखाना कसा हाय ते बघून ये."

कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. खिडकीतून ऊस, ऊस आणि ऊस. कराड सोडलं की शेणोली येतं. इथं अण्णा हमखास सरसावून बसायचे. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या, म्हणजे नाना पाटलांच्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेनं इथं इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. त्या पोरांतली बरीच पलीकडच्या कुंडल भागातली. अण्णांना त्यात भलतीच गंमत दिसायची. तेव्हाच्या १९३६ च्या पगाराच्या कायद्यानं हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यानं सात तारखेपर्यंत पगार करायचा असायचा, आणि नेमकी सातच तारीख! "सायबाचा पगार त्या म्हयन्यात लेट झाला बघ," म्हणून एकटेच खो खो हसायचे. डब्यातली माणसं वळून बघायची.

पगार वेळेवर होतो की नाही, हे ओळखायची त्यांची रीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कंपनीच्या ऑफिसात शिरण्याआधी ते गेटसमोरच्या टपरीवर जायचे. चहा सांगायचा, क्रीमरोल घ्यायचा, आणि गल्ल्याशेजारी सुतळीनं बांधलेल्या उधारीच्या वहीकडे नजर टाकायची. महिन्याची दहा-बारा तारीख उलटली तरी नावांवर काट मारलेली नसेल, तर समजायचं की पोरांच्या हातात पैसे आलेले नाहीत. मग शिफ्ट सुटेपर्यंत तिथंच थांबायचं. कुणाच्या बोटाला चिंधी आहे, किती जणांच्या पायात सेफ्टी शूज आणि किती जणांच्या पायात स्लीपर, वॉचमन पोरांना नावानं हाक मारतो की 'ए' म्हणून. आत गेल्यावर कँटीन आणि संडास बघायचे, केबिन सगळ्यात शेवटी. एका मोठ्या गिऱ्हाईकाचं काम त्यांनी संडासाला कडी नव्हती म्हणून नाकारलं होतं. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आमच्या धंद्यात माणूस तीन महिन्यांत पळाला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो, म्हणजे हिशेबानंही त्यांचंच बरोबर होतं. पण ते हिशेबामुळं तसं करत होते असं मला वाटत नाही.

ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, इथं जमीन दिली. १९१० साली, निवडुंगानं भरलेला ३२ एकर माळ. लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेले आणि रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागलेले. पुढं व्हीजेटीआय या मुंबईच्या तांत्रिक संस्थेत शिकवत असताना बढती डावलली गेली म्हणून राजीनामा दिलेले. त्यांनी इथं जमवलेली माणसंही तशीच: शंभूराव जांभेकर म्हणजे कामावरून कमी झालेले फायरमन, अनंतराव फळणीकर शाळेत न रमलेले. दोघंही इथं इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. आणि रखवालीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, एके काळचे दरोडेखोर! "ह्यातल्या एकाचा तरी बायोडाटा तू पुढं पाठवला असतास का?" अण्णा विचारायचे. सांगताना मीठमसाला बराच लावायचे, पण माणसं खरी होती.

मी एकदा उलट म्हटलं होतं, लक्ष्मणरावांना ते जमलं कारण त्या माणसांच्या शेजारीच ते राहत होते. कारखान्याबरोबर घरं उठवली, वसाहतीत शिवाशिव चालू दिली नाही. आपण काय, फाईल पाठवून मोकळे. अण्णा गप्प बसले. "म्हणून तर गेटवर जायचं," इतकंच म्हणाले.

आत पंपांचा कारखाना आजही चालू आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, ते बरोबरच. बाहेरच्या झाडांखालून हिंडले, भेळ खाल्ली. ती यथातथाच होती. वेळ असेल त्यांनी सागरेश्वरचं अभयारण्य करावं, जवळच आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रेही त्याच अंगाला. मला संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला पोचायचं होतं.

अण्णांच्या माघारी आमच्याकडे सॉफ्टवेअर आलंय. अर्जातून दहावी नापास, दोन वर्षांचा खंड असली नावं ते आपोआप बाजूला काढतं. बाजूला काढलेली ती यादी मी रोज रात्री उघडते. तिथं बसलेल्या दोघांना मागच्या महिन्यात कामाला लावलं, अजून टिकून आहेत.

उद्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत जायचंय. त्यांना मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, हवेत. एचआरनं अकराची वेळ दिलीय. मी सकाळी सातच्या शिफ्टलाच जाणार आहे, टपरी गेटच्या कुठल्या अंगाला आहे ते रिक्षावाल्याला विचारून ठेवलंय.