वेर्नाद्स्कींचं नाणं आणि नावापुरती चांदी

भूशास्त्र शिकवताना मी दरवर्षी एक तास व्लादिमिर वेर्नाद्स्कींसाठी राखून ठेवायचो. खडक, पाणी, हवा यांच्या घडणीत सजीवांचा केवढा वाटा आहे, हे त्यांनी 1926 साली ‘बायोस्फीअर’ या पुस्तकात मांडलं. भूरसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतही त्यांचं नाव येतं. 1918 साली कीव्हमध्ये विज्ञान अकादमी उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष. म्हणून युक्रेनने 2003 साली त्यांच्या नावाने 2 रिव्नियांचं नाणं काढलं होतं हे कळल्यावर ते आपल्या संग्रहात हवंच, असं मनाने घेतलं.

बरेच महिने शोधल्यावर ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ते दिसलं. खाली ठळक लिहिलं होतं: ‘शुद्ध चांदी’. किंमतही चांदीचीच. मी पैसे भरले.

नाणं हातात आलं तेव्हा आधी खूप वेळ नुसतं बघत बसलो. एका बाजूला युक्रेनचं त्रिशूळ, दुसऱ्या बाजूला वेर्नाद्स्की. मग सवयीने वजन केलं: 12.8 ग्रॅम. व्हर्नियरने व्यास मोजला: 31 मिलिमीटर. युक्रेनच्या राष्ट्रीय बँकेने दिलेल्या मापांशी दोन्ही तंतोतंत जुळत होतं, त्यामुळे नाणं अस्सल असणार असं वाटलं. पण बँकेच्या माहितीत धातूच्या जागी ‘नेयझिल्बर’ असा शब्द होता, आणि तिथेच मी थबकलो. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘नवी चांदी’. आपल्याकडे यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात: तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदीचा कणही नसतो.

खात्री करायला सोनारी काटा काढला, दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा. पाण्याने अर्धी भरलेली वाटी त्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. नाण्याला दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवलं, तळाला किंवा कडेला लागू दिलं नाही. काट्यावर दिसतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चांदी जास्त घन, तेवढ्याच वजनात ती कमी पाणी सारते; 925 ची, म्हणजे 92.5 टक्के चांदी असती तर आकडा 1.24 ग्रॅमच्या आसपास आला असता. माझ्याकडे आला 1.48. तीनदा करून पाहिलं. या पद्धतीत नाण्याला ओरखडाही पडत नाही. आम्लाचा थेंब टाकून बघायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका.

विक्रेत्याला वजन, माप आणि काट्याचे फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की नाणं खरंच आहे. ते मीही नाकारत नव्हतो, वर्णन चुकीचं होतं. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. नाणं परत करून सगळे पैसे घेता आले असते, पण ते सोडवेना. शेवटी निम्मी रक्कम परत मिळाली आणि नाणं माझ्याकडे राहिलं. त्यातही ती रक्कम मिळाल्यावर नव्हे, तर विक्रेत्याने यादीतला ‘चांदी’ हा शब्द काढल्यावर मला जास्त बरं वाटलं, कारण पुढचा घेणारा कदाचित कुणी विद्यार्थी असेल.

ते आलं होतं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात. अशा पीव्हीसीत तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून त्याच संध्याकाळी ते कडेने धरून कडक गोल डबीत ठेवलं. लेबलवर पेन्सिलीने लिहिलं: ‘वेर्नाद्स्की, 2 रिव्निया, 2003, तांबं-निकेल-जस्त’.