पहिल्या लीडमधली उलटी लहर

हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांसाठी आलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांचा ईसीजी काढत असताना, यंत्रातून बाहेर सरकणाऱ्या कागदावर पहिल्या लीडमधील (लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक दिशेने पाहणारी नोंद) पी, क्यूआरएस आणि टी या प्रत्येक ठोक्याला उमटणाऱ्या तिन्ही लहरी खालच्या बाजूला उमटलेल्या मला दिसल्या. निरोगी माणसात उजव्या हाताकडून पाहणारी जी एव्हीआर लीड जवळजवळ नेहमीच खाली उतरते, ती इथे ताठ उभी होती. यंत्राने आपला निष्कर्षही छापून टाकला होता: हृदयाच्या बाजूच्या भिंतीला पूर्वी झटका येऊन गेला असण्याची शक्यता. गृहस्थांना मात्र छातीत दुखल्याचे आठवत नव्हते आणि जिने चढताना धापही लागत नव्हती.

अशी पट्टी हाती आली की पहिली शंका येते ती दोन हातांच्या वायरींची अदलाबदल झाल्याची, आणि बहुतेक वेळा ती खरीच निघते. ईसीजीचे यंत्र शरीरात वीज सोडत नाही. हृदयाचे स्नायू उद्दीपित होताना जो विद्युतबदल त्यांतून पसरत जातो, त्याचा त्वचेपर्यंत पोहोचणारा जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपासचा अंश ते टिपते. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागात असलेल्या आणि ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडपासून निघालेला हा प्रवाह डावीकडे आणि खाली जातो, अलिंद आणि निलय यांना जोडणाऱ्या एव्ही नोडपाशी किंचित रेंगाळतो आणि मग निलयांमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यांमध्ये, झपाट्याने पसरतो. तो धन इलेक्ट्रोडकडे येत असेल तर रेघ वर चढते, दूर जात असेल तर खाली उतरते. पहिल्या लीडचे धन टोक डाव्या हाताला असल्यामुळे एरवी तिथली पी लहर वरच असते. हात-पायांच्या तीन टोकांवरून हृदयाकडे तीन दिशांनी पाहण्याची ही मांडणी डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांची. त्यांच्या काळी रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भांडी गेली, क्लिपा आल्या, पण ती मांडणी आजही कायम आहे.

मी वायरी तपासल्या. लाल उजव्या मनगटाला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला. सारे जागच्या जागी होते. यंत्राच्या बाजूची टोकेही बरोबर होती. मग मी छातीवरच्या सहा लीड्स नीट पाहिल्या, आणि या साऱ्या प्रकरणाचा उलगडा तिथेच होता. हातांच्या वायरी बदलल्या तरी छातीच्या लीड्सवर त्याचा परिणाम होत नाही, कारण त्यांची तुलना दोन्ही हात आणि डावा पाय यांच्या सरासरीशी केली जाते, आणि दोन हातांची जागा बदलली तरी सरासरी तीच राहते. त्यामुळे नुसती अदलाबदल असती, तर छातीच्या मध्याजवळच्या व्ही१ पासून डाव्या काखेखालच्या व्ही६ पर्यंत आर लहर (क्यूआरएसचा वर चढणारा भाग) नेहमीप्रमाणे वाढत गेली असती. इथे ती व्ही१ मध्येच सर्वांत मोठी होती आणि पुढे लहान होत होत व्ही६ मध्ये जेमतेम उरली होती. डावीकडे जावे तसतसे आपण हृदयापासून दूर जात होतो.

“काका, जरा छातीवर हात ठेवून बघतो,” असे सांगून मी तळवा आधी डाव्या स्तनाग्राखाली ठेवला. तिथे ठोका जवळजवळ लागतच नव्हता; उजवीकडे, त्याच उंचीवर, तो बोटांना स्पष्ट टेकत होता.

“काही गडबड आहे का?” त्यांनी विचारले.

“घाबरू नका, पट्टी पुन्हा एकदा काढावी लागेल. डॉक्टरांनाही बोलावतो,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी तपासल्यावर त्यांच्या सांगण्यावरून मी हातांच्या वायरी मुद्दाम उलट लावल्या, व्ही१ आणि व्ही२ यांची अदलाबदल केली आणि उरलेली चार इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला, नेहमीच्या जागांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी बसवली. गृहस्थांना स्थिर पडून राहायला सांगितले, कारण स्नायूंची थरथरही कागदावर उतरते. सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने कागद सरकू लागला आणि पहिल्या लीडमध्ये पी लहर वर उमटली, छातीच्या लीड्समध्ये आर क्रमाने वाढत गेली. बाजूच्या भिंतीला झटका आल्याची खूण कुठेही उरली नाही. हृदय निरोगीच होते. ते फक्त उजवीकडे होते. नंतरच्या एक्स-रे आणि सोनोग्राफीत यकृत व जठर यांच्याही जागा उलट असल्याचे दिसले.

यंत्राच्या निष्कर्षाला मी दोष देत नाही. इलेक्ट्रोड ठरलेल्या जागी आहेत आणि हृदय डावीकडे आहे, हे गृहीत धरूनच ते वाचते. ते गृहीतक पडताळणे हे कागद हातात घेणाऱ्याचे काम आहे, आणि माझ्या मते आमच्या कामातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन्ही पट्ट्या आम्ही फाइलला लावल्या. दुसरीवर मी ठळक अक्षरांत “उजव्या बाजूच्या लीड्स, हातांच्या वायरी उलट” असे लिहिले, आणि पुढे कुठेही ईसीजी काढायची वेळ आली तर हे आधी सांगावे, म्हणून डॉक्टरांनी त्या गृहस्थांना स्वतंत्र चिठ्ठी लिहून दिली.