लाइन गेली तरी घरचा सर्व्हर टिकला पाहिजे

आज रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसता 'पाय') घरचा सर्व्हर उभा झाला. फाइलींसाठी सांबा, सिनेमे-गाण्यांसाठी जेलीफिन. घरातल्या घरात इंटरनेटशिवाय चालतो, आपल्या खेड्यात हेच मोठं.

खरी अडचण विजेची. पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना जवळजवळ तेवढे एकटीच ओढते. व्होल्टेज ४.६३ खाली गेलं की बोर्डावरचा लाल दिवा विझतो, डिस्क मधेच सुटते. म्हणून ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणि डिस्कसाठी स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरचा यूएसबी हब घ्याच. मोबाइलचा चार्जर नको.

डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली साठवायची पद्धत) मध्ये फॉरमॅट करा. लाइन अचानक गेली तर तिच्या जर्नलमुळे, म्हणजे बदलांच्या नोंदवहीमुळे, सावरायची शक्यता जास्त. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीची फाइल) डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, टाका, सोबत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा). नाहीतर डिस्क नसताना पाय सुरूच होत नाही. पण 'नोफेल'चा एक धोका आहे: डिस्क जोडली नसेल तर फाइली गुपचूप एसडी कार्डावर पडतात नि कार्ड भरतं. म्हणून ज्या फोल्डरवर डिस्क जोडायची ते रिकामं फोल्डर, डिस्क जोडायच्या आधीच 'चॅटर +आय' या कमांडने कुलूपबंद करा, म्हणजे त्यात काही लिहिताच येणार नाही.

टीव्हीला एच.२६४ या व्हिडिओ प्रकारातल्या फाइलीच द्या. दुसऱ्या प्रकारातून रूपांतराचं काम पायला झेपत नाही, चित्र अडखळतं.

मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवू नका, ८० अंशांवर प्रोसेसर वेग कमी करतो. पंखा लावा, कूलरच्या ओल्या हवेत मात्र नको. आणि घरच्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, काढून कपाटात.